गडचिरोलीचे लोक गप्प का होते, असं विचारणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षल्यांचा बडा नेता भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. तेव्हापासून नागपुरात एक प्रश्न वारंवार कानावर येतो. "चाळीस वर्षं तिथल्या आदिवासींनी नक्षल्यांना विरोध का नाही केला?" हा प्रश्न माझ्या मनाला खूप लागतो.

१९८० च्या सुमारास दलम, म्हणजे नक्षल्यांच्या बंदूकधारी तुकड्या, तिथं आले आणि तेंदूपत्त्याच्या, म्हणजे बिडीच्या पानांच्या, मजुरीचा प्रश्न हाती घेतला. सत्तर पानांच्या पुड्याला ठेकेदार टाकेल तो पैसा घ्यायचा, जंगलातून सरपण आणलं तरी गार्डाला भ्यायचं, असं जगणाऱ्या माणसाला कुणीतरी आपलं वाटलं. माओ कोण हे त्याला ठाऊकही नव्हतं. पुढं त्याच दलमनं ठेकेदारांकडून वसुली सुरू केली, गावातल्याच माणसांना खबरी ठरवून मारलं. मन तेव्हाच विटलं असेल, पण बोलायचं कुणापाशी? रात्री दलमला जेवू घातलं की सकाळी पोलिसांची चौकशी, आणि पोलिसांशी बोलताना दिसलं की रात्री पुन्हा दलम दारात. अशा जागी राहणाऱ्याच्या गप्प राहण्याला संमती समजणं हा अन्याय आहे.

इकडे शिकायला आलेली तिकडची पोरं मी पाहतो. कुठला रे, म्हटलं की नुसता जिल्हा सांगतात. गावाचं नाव सांगायच्या आधी समोरच्याचा अंदाज घेतात.

गावानंच नक्षल्यांशी लढावं म्हणणाऱ्यांनी शेजारचं छत्तीसगड आठवावं. २००५ मध्ये तिथं सलवा जुडूम, म्हणजे सरकारच्या पाठबळानं गावकऱ्यांनाच नक्षल्यांविरुद्ध उभं करणारी मोहीम, सुरू झालं, शेकडो गावं ओस पडली, लोक छावण्यांत गेले. आदिवासी तरुणांना विशेष पोलिस अधिकारी म्हणून बंदुका देणं २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवलं.

विरोध झाला, तो वेगळ्या वाटेनं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं "आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणत सगळे निर्णय सर्वसहमतीनं घेतले, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला, मग स्वतःचा बांबू स्वतः विकला. दोन्हीकडे बंदुका असलेल्या जिल्ह्यात गावसभेत बसून ठराव करायला किती धीर लागत असेल!

आणि बिनबंदुकीच्या माणसांचं आपण तरी कुठं ऐकलं? २३ नोव्हेंबर १९९४ ला आदिवासी म्हणून मान्यता मागणारा गोवारी समाज याच नागपुरात विधानभवनावर मोर्चा घेऊन आला. लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. आपण रोज त्यावरून जातो.

आता बंदुका थंडावताहेत, तर लोक बोलतील. सुरजागडच्या लोहखनिजावर बोलतील, ट्रकांवर, जंगलतोडीवर बोलतील, आणि नेहमी आपल्याला आवडेल असंच बोलतील असं नाही. सुरजागड ज्या तालुक्यात आहे त्या एटापल्लीतली एखादी बाई खाणीला नको म्हणाली, तर कृपा करून कमेंटमध्ये तिला नक्षली म्हणू नका. तिच्या ग्रामसभेनं काय ठराव केलाय, तेवढं आधी वाचा.