चार रुपयांची उधारी

गेल्या गुरुवारी मुलुंडच्या क्लायंटनं मला विचारलं, "अहो, विहिरीतून बोलताय का?"

मी एरंडवण्यातून बोलत होतो. वीज गेलेली. इन्व्हर्टरवर आमचे कॉम्प्युटर चालू, पण इंटरनेटवाल्याचा गच्चीवरचा डबा मेलेला. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आमचा नवा क्लाउड फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारा. पंधरा दिवसांची फुकट ट्रायल.

ऑफिसात आम्ही 9 जण, सगळे प्रोग्रामर. फोन मी एकटाच उचलतो, म्हणून कुठला फोन घ्यायचा ही निवड माझ्या गळ्यात. बाकीच्यांचं मत केव्हाच ठरलं होतं : क्लाउड, कारण त्याला एपीआय आहे, म्हणजे आपले प्रोग्राम त्याला जोडता येतात. ज्यांनी जन्मात रिसीव्हर उचलला नाही, त्यांना मिस्ड कॉल चॅटवर हवेत! माणशी दरमहा भाडं कोण भरणार, हे कुणी विचारलं नाही. असो.

भिंतीवरचा जुना ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारा डबा, काढायची परवानगी घ्यायला मी आधीच्या आठवड्यात खाली घरमालक काकांकडे गेलो होतो. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त. ही चूक मला जिन्यातच कळायला हवी होती.

"इंजिनिअर, स्ट्रोजर कोण होता?"

"कोणी शास्त्रज्ञ..."

"अंत्यविधीचं सामान पुरवणारा! कॅन्सस सिटीतला. ऑपरेटरबाई याची गिऱ्हाइकं दुसऱ्या धंदेवाल्याला जोडून द्यायची म्हणे. चिडला आणि ऑपरेटरच नको म्हणून ऑटोमॅटिक एक्स्चेंज काढलं. 1891 चं पेटंट. म्हणजे हे सगळं मढ्यांमुळे सुरू झालं, तुमच्या प्रोग्रामरांमुळे नाही. तुमचं क्लाउड काय करतं?"

मी सांगितलं, आवाजाचे सेकंदाला 8000 नमुने घ्यायचे, त्यांची 50 पाकिटं करायची आणि इंटरनेटवर सोडायची.

"आणि एखादं पाकीट वाटेत हरवलं तर?"

"मग ते सोडून द्यायचं."

काकांनी चष्मा काढून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या नातवाला वाटेत सोडून आलो होतो.

तर गुरुवारी पुन्हा त्यांच्याच दारात. त्यांची लाइन अजून तांब्याची. एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट तारेतूनच येतात, घरातल्या विजेशी संबंध नाही. (ईपीएबीएक्सला मात्र वीज लागतेच. पण हे काकांना सांगणार कोण?) स्टुलावर बसलो, मुलुंड लावलं. मागे काकूंच्या कुकरची शिट्टी.

"आता कसं स्वच्छ! घरी पोचलात वाटतं?"

मी हो म्हणालो. काय करणार.

कराराचा एक आकडा हवा होता, म्हणून तिथूनच वर ऑफिसात फोन लावला. ऑफिस मेलेलं असलं तरी क्लाउड कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये ठणठणीत होतं. "आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," माझाच आवाज मला म्हणाला. मीच रेकॉर्ड केलेला, तोही तीनदा, कारण 'अत्यंत' नीट येत नव्हतं. मग सनई. डोक्यावर, छताच्या वर, नऊपैकी आठ जण खुर्च्या सरकवत होते. ते मला ऐकू येत होतं.

काकांनी रिसीव्हर कानाला लावून पाहिला. "तुम्हीच ना हे? छान बोलता की. समोरासमोर असे बोलत नाही."

मग कॅलेंडरच्या मागची वही काढली. इंजिनिअर, 2 कॉल, 4 रु.

"काका, दुसरा लागलाच नाही."

"उचलला तर होता ना तिकडून कुणीतरी?" काका म्हणाले आणि चाराखाली रेघ मारली.