जावईबुवा जाळीत

मे महिन्यात सासुरवाडीला गेलेल्या जावयाने तोंड फक्त आंबे खायला उघडावं, हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर समजलं. तोवर उशीर झाला होता. आदल्या रात्री पडवीत जेवणं झाल्यावर कुणीतरी करवंदांचा विषय काढला आणि मी सुपारी कातरत म्हणून गेलो, "करवंदं? लहानपणी आम्ही रानातच पडीक असायचो. टोपल्या भरून आणायचो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला माझं लहानपण माहीत आहे. ते तालुक्याच्या गावी, पोस्टाच्या मागच्या गल्लीत गेलं. माझं रान म्हणजे एस.टी.ची खिडकी. मामाच्या गावाला जाताना घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबायची, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया "डोंगरची काळी मैना" म्हणत खिडकीखाली यायच्या, आणि पानांच्या द्रोणातून काळीभोर, टपोरी करवंदं थेट माझ्या मांडीवर अवतरायची. टोपली भरून पाहिली होती हे खरं आहे. ती माझी नव्हती एवढंच.

"मग उद्या सकाळी जाऊया की," मेव्हणा म्हणाला. "धाकटी येईल तुमच्याबरोबर. पहिला पाऊस पडला की संपलंच, मग अळ्या होतात."

धाकटी म्हणजे त्याची मुलगी, वय वर्षं नऊ. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "काका, तुमच्याकडे आकडी आहे?"

फिट येतात का, असं ती विचारते आहे असं वाटून मी घाईने नाही म्हणालो. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. जावयाला हसायचं नसतं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सकाळी साडेसहाला निघालो. राजापूरकडचे सडे ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको, पण ज्यांनी पाहिले नाहीत त्यांनी मोठा काळपट तवा डोळ्यांपुढे आणावा. मैलोन् मैल जांभ्याचा कातळ, त्यावर वाळलेलं गवत, आणि जिथे जिथे चिमूटभर माती साठलीय तिथे करवंदीची जाळी. नऊनंतर हा तवा तापायला लागतो. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी कातळशिल्पं कोरून ठेवली आहेत. कशेळीच्या सड्यावर तर अख्खा अवाढव्य हत्ती आहे आणि त्याच्या पोटात इतर प्राणी. त्या लोकांनी वाघ कोरले, मासे कोरले, करवंदीची जाळी मात्र मला तरी कुठे कोरलेली दिसली नाही. करवंदं काढून आल्यावर छिन्नी धरण्याच्या अवस्थेत हात राहत नसावेत.

धाकटीच्या अंगात जुना फ्रॉक, पायात स्लिपर, एका हातात ती आकडी, म्हणजे टोकाला वाकडा खुंट असलेली काठी, आणि दुसऱ्या हातात डबा. माझ्या अंगात लिननचा पांढरा शर्ट. का, ते विचारू नका. सासुरवाडीला माणूस सुटकेसमध्ये चांगले कपडे घेऊन जातो आणि रानात जायची वेळ आली की त्यातलाच कमी चांगला घालतो.

पहिल्या जाळीपाशी मी थांबलो. लांबून ही जाळी फार गरीब दिसते. चकचकीत गोल पानं, कुठे उशिरा आलेलं जाईसारखं पांढरं फूल, आणि आत, अगदी आत, काळ्या करवंदांचे घोस. बाहेरच्या अंगाला एकही काळं नाही. बाहेरची गुराख्यांनी, बुलबुलांनी आणि धाकटीने आधीच संपवलेली असतात. उरतात ती आतली. मी हात घातला.

करवंदीचा काटा समजून घेण्यासारखा आहे. बाभळीचा काटा टोचतो आणि मोकळा होतो. करवंदीचे काटे जोडीने येतात, पुष्कळदा टोकाशी दुभंगलेले, आणि फांद्या एकमेकींत अशा गुंतलेल्या की आत जाताना जाळी "या, या" म्हणते आणि बाहेर पडताना "असं कसं, चहा तरी घेऊन जा" म्हणते. माझी बाही अडकली. ती सोडवायला दुसरा हात घातला, तो अडकला. दोन्ही सोडवायला पुढे वाकलो तर कॉलर अडकली. आता मी जाळीला नमस्कार केल्यासारखा उभा होतो.

"काका, हलू नका," धाकटी म्हणाली. "मागे यायचं नाही. अजून थोडं पुढे जायचं, मग सुटतं."

हे ऐकायला सोपं आहे. ज्याने आपल्याला धरलंय त्याच्या आणखी जवळ जायचं, हे शरीराला पटत नाही. मी मागे खेचलं. लिननचा आवाज टेरिकॉटपेक्षा हळुवार असतो, एवढं नोंदवून ठेवतो.

"आणि हात घालायच्या आधी काठी आपटायची," ती पुढे म्हणाली. "खाली फुरसं असतं."

हे तिने हात घातल्यानंतर सांगितलं. फुरसं म्हणजे हातभरसुद्धा लांब नसलेला, पालापाचोळ्याच्या रंगाचा साप. विष जबर, आणि स्वभाव सरकारी खिडकीवरच्या माणसासारखा, कधी भडकेल सांगता येत नाही. भडकला की वेटोळ्यावर वेटोळं घासून खर्र खर्र आवाज काढतो. त्यानंतरच्या दोन तासांत त्या सड्यावर जितकी वाळकी पानं हलली, त्या प्रत्येक पानाला मी वाट करून दिली.

आपली अब्रू परत मिळवायची तर ज्ञान हाच उपाय असतो. मी धाकटीला सांगितलं की करवंद हे कण्हेरीच्या कुळातलं, म्हणून त्याला पांढरा चीक असतो. गंमत बघ, कण्हेर विषारी आणि करवंद गोड. शिवाय शास्त्राच्या हिशेबाने करवंद ही खरी बेरी, केळं हीसुद्धा बेरीच, आणि जिच्या नावातच बेरी आहे ती स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही.

"केळ्याला काटे नसतात," धाकटी म्हणाली आणि आकडीने एक फांदी अलगद उचलून खालून सात करवंदं डब्यात टाकली.

मग मी रानातली फळं ओळखायचा माझा नियम सांगितला. जे पक्षी खातात ते माणसाने बिनधास्त खावं.

"धनेश काजरा खातो," ती म्हणाली.

मी गप्प झालो. काजरा म्हणजे कुचला. फळ नारिंगी, गोल, दिसायला लोभस, आणि बियांमध्ये स्ट्रिक्नीन. धनेश वरचा गर खातो, बी टाकून देतो आणि उडून जातो. माझा नियम पाळणारा माणूस उडून जातो तो वेगळ्या अर्थाने. पुढे वाटेत गुंजेचा वेल दिसला. लाल चुटूक दाणे, टोकाला काळा ठिपका, पूर्वी सोनार सोनं याच दाण्यांनी तोलायचे. मी पुढे झालो तर ती म्हणाली, "ते बघायचं असतं." एवढंच. पुढच्या बांधावर घाणेरीची पिकलेली काळी फळं तिने स्वतः खाल्ली, मला चार दिली, आणि हिरवीकडे माझा हात जाताच मनगट धरलं. हिरवी बाधतात. या मुलीच्या डोक्यात अख्खं रान तीन खणांत लावून ठेवलेलं होतं: खायचं, बघायचं, आणि काकांना धरायचं.

काळी करवंदं मिळेनात म्हणून मी लाल तोडायला लागलो. लाल करवंद बाहेरच्या अंगाला असतं, हाताशी येतं, आणि डब्यात पडलं की डबा भरल्यासारखा दिसतो. चार-पाच तोंडातही टाकली. चव अशी की दोन्ही डोळे आपापल्या वाटेने गेले, आणि नंतर ओठांना ओठ चिकटले. तो चीक. ज्या कुळाची माहिती मी नुकतीच दिली होती, त्याने मला बोलता येऊ नये अशी व्यवस्था केली. पुढचा अर्धा तास मी हुंकार देत होतो. धाकटीला तो काळ आवडलेला दिसला.

सावलीला म्हणून एका काजूखाली टेकलो. त्या काजूवर लाल मुंग्यांचं घरटं होतं. या मुंग्या पानं एकमेकांना जोडून घर शिवतात आणि शिवायला धागा म्हणून स्वतःच्या अळ्यांचं रेशीम वापरतात, हे मी पूर्वी वाचलं होतं आणि त्याचं मला कौतुकही होतं. कौतुक मानेवरून आत उतरलं. पुढचं लिहीत नाही. शर्टाचं जे शिल्लक होतं ते मी स्वतःच काढलं, एवढं सांगतो.

शेवटच्या जाळीपाशी धाकटीने एक काळं करवंद मुठीत धरलं आणि विचारलं, "कोंबडा की कोंबडी?"

मी पाहत राहिलो. ओठ नुकते सुटले होते, पण उत्तर नव्हतं.

"काका, तुमच्याकडे खेळत नाहीत? आपण सांगायचं, मग चावायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी." ती थांबली. "रानातच असायचात ना तुम्ही?"

एस.टी.च्या खिडकीशी असलं काही विचारत नाहीत. तिथे फक्त सुटे आहेत का विचारतात. मी म्हणालो, "कोंबडी." तिने करवंद चावून दाखवलं. आत लालभडक होतं. तिने आणखी काही विचारलं नाही. वाटेत स्वतःच्या डब्यातली चार काळी करवंदं मात्र माझ्या डब्यात टाकली, मी बघत नाही असं समजून.

घरी पोचलो तर पडवीत सगळं घर जमलेलं. उघड्या अंगाने, खांद्यावर शर्टाच्या चिंध्या आणि हातात डबा घेऊन जावई अंगणातून येतो आहे, हे दृश्य त्या घराने आधी पाहिलं नसावं. तरी सासूबाई म्हणाल्या, "बरेच वर गेला होतात वाटतं." मेव्हणा खांबाकडे तोंड करून उभा राहिला. त्याची पाठ हलत होती.

माझा डबा ताटात ओतला. दोन तासांची कमाई ४१ नग. सासूबाईंनी निवडायला घेतलं. काळी ११, लाल २७.

"लोणच्यासाठी अगदी छान आहेत हो," त्या म्हणाल्या. पिकलेली आणायला गेलेल्या माणसाच्या कच्च्या करवंदांना कुणी इतक्या आदराने वागवलं नसेल. उरलेली तीन त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिली, शेजारच्या काकूंना दाखवली, आणि कुणाला काही न सांगता परसात टाकली. ती करवंदं नव्हती. ती काय होती, ते त्या घरात कुणालाच सांगता आलं नाही. कोंबडीने जवळ येऊन बघितलं आणि ती निघून गेली.

धाकटीचा डबा काठोकाठ काळा होता.

"तुम्ही तर टोपल्या भरून आणायचात ना?" बायको म्हणाली. एकवीस वर्षांत तिने असे क्षण वाया घालवलेले मला आठवत नाहीत.

पडवी शांत झाली. सासूबाई घाईने उठायला लागल्या. तेवढ्यात धाकटी पायरीवर बसल्या बसल्या म्हणाली, "काकांकडची जाळी वेगळी असते. तिकडे बाहेरूनच मिळतात."

खिडकीबाहेरून. शब्दाशब्दाने खरं होतं. मी मान हलवली.

दुपारी ओठांना खोबरेल लावून मी पडवीत आडवा, आणि धाकटी सुई घेऊन माझ्या हातातले काटे काढते आहे, असा कार्यक्रम झाला. काढलेला प्रत्येक काटा ती जुन्या वहीच्या पानावर ओळीत मांडत होती. १७ निघाले. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक खोल होता, तो सापडेना. तिने दाबून पाहिलं, मी सासुरवाडीचा विचार करून ओरडलो नाही.

"हा आपणहून वर येईल," ती म्हणाली. "आला की सांगा."

शहरात परतल्यावर बाराव्या दिवशी, ऑफिसात मीटिंग चालू असताना, अंगठ्याशी काहीतरी खुपलं. दाबलं तर काळं टोक वर आलं. पेनाच्या टोपणाच्या क्लिपने मी तो टेबलाखाली हळूच ओढून काढला. दोन टोकांचा, अख्खा. समोर तिमाहीचे आकडे चालू होते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आलो आणि सासुरवाडीला फोन लावला. सासूबाईंनी प्रकृती, पाऊस, सगळं रीतसर विचारलं आणि मग फोन तिच्याकडे दिला.

"निघाला गं," मी म्हणालो. "अठरावा."

"रक्त आलं?"

"आलं थोडं."

"मग कोंबडा," ती म्हणाली आणि फोन ठेवून खेळायला गेली.