माळ्यावरची बचत

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरात माणसं तीन. आमचे हे, माझ्या आत्ती म्हणजे सासूबाई, आणि मी. चौथी राहते ती बचत. आम्ही तिघं दोन खोल्यांत मावतो. तिला मात्र माळा, दिवाणाचं पोट, दोन कपाटं आणि अलीकडे देवघराखालचा कप्पाही लागतो.

हे बँकेत होते. नोकरीभर लोकांचे पैसे मोजले. निवृत्त झाल्यावर मोजायला काहीतरी हवं, म्हणून घरातला किराणा हातात घेतला. तोवर आमचं सामान कोपऱ्यावरच्या दुकानातून यायचं. वहीत यादी लिहून द्यायची, पोरगं पिशव्या आणून टाकायचं, महिनाअखेरीला हिशेब. दुकानदार वरच्या दोन-पाच रुपयांवर काट मारायचा, शिवाय लहान कुणी सोबत असलं तर त्याच्या हातावर गोळी ठेवायचा. यात आपलं किती वाचलं हे कुणी सांगत नव्हतं, त्यामुळं काही वाचतंय असं कुणाला वाटतही नव्हतं.

मॉलच्या बिलानं ते सांगितलं. तळाशी ठळक ओळ असते, आज तुमची एवढी बचत झाली. हे बिल खालून वर वाचतात, आणि आपण दिलेल्या रकमेपर्यंत सहसा पोचतच नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, ही बचत छापील किमतीतून वजा करून काढलेली. छापील किंमत म्हणजे कमाल किंमत. तिच्यावर घ्यायचं नाही एवढाच कायदा. तेवढे द्यायलाच पाहिजेत असं कुठाय? कोपऱ्यावरचा शेटसुद्धा कमीच लावत होता की."

"लावत असेल. लिहून देत होता का?"

बँकेतल्या माणसाशी लेखी पुराव्यावरून वाद घालू नये.

तेव्हापासून घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर हे काळ्या मार्करनं नोंद करतात. वर तारीख, मधे 'बचत रु. १४', खाली सही. सहीशिवाय त्यांच्या हातून काही पुढं सरकत नाही. आता आमच्याकडच्या मिठालाही सही आहे.

रविवारच्या पेपरातून मॉलचं पत्रक पडतं. बातम्या चहानंतर, पत्रक चहाबरोबर. त्यात एकदा कूपन आलं, दोन हजारांच्या खरेदीवर दोन किलो साखर निम्म्या दरात. आता बेळगाव जिल्ह्यात राहून साखरेसाठी कूपन कापायचं म्हणजे कमाल आहे. गळीत हंगामात चिक्कोडी-हुक्केरीकडं निघालात तर उसाच्या ट्रॅक्टरांमागं निम्मा वेळ जातो. निपाणीकडच्या आमच्या पाव्हण्यांचा ऊस कारखान्याला जातो, त्यांच्या सभासद-साखरेतली थोडी दिवाळीला आमच्याकडं येतेच. पण ती साखर नुसती गोड असते, तिच्यात सवलत नसते. हे गेले आणि साखर घेऊन आले. दोन हजार भरण्यासाठी सोबत आलं ऑलिव्ह तेल. त्यात मी मोहरी घातली. आत्तींनी स्वैपाकघरात येऊन वास घेतला आणि निकाल दिला, "हे अंगाला लावायचं तेल." त्या रोज गुडघ्याला लावतात. बरं वाटतंय म्हणे.

पुढं मोबाईलवरची कूपनं सुरू झाली. त्यांची जात वेगळी. ४९९ च्या वर गेलात तर पन्नास रुपये सूट, आणि आपलं सामान नेमकं ४६० वर थांबतं. मग उरलेल्या एकोणचाळीस रुपयांसाठी शोधाशोध. एकोणचाळीसचं काही मिळत नाही, एकोणनव्वदचं मिळतं. त्यातून आमच्या घरात चिया नावाचं बी आलं. ते पाण्यात भिजवल्यावर काय होतं ते आत्तींनी एकदाच बघितलं.

पण सगळ्यांत मोठी सूट पहिल्या ऑर्डरला. ती एका नंबरला एकदाच मिळते. ह्यांचा नंबर झाला, माझा झाला, पुण्याच्या मुलाचा झाला, सुनेचा झाला. राहिला आत्तींचा, बटणांचा फोन. त्याला अॅप चालत नाही, पण ओटीपी यायला काय लागतं? हे हॉलमध्ये माझ्या मोबाईलवर बसलेले, आत्ती देवघरात, फोन घंटेशेजारी.

"आई, मेसेज आला काय? आकडे वाच!"

"थांब रे, आरती चाललीय."

"तीस सेकंदांत जातो तो!"

आत्तींनी निरांजन खाली ठेवलं, चष्मा शोधला, आणि पूजेच्या आवाजात एकेक आकडा म्हटला. मधे एक आकडा गाळला. तो पुन्हा विचारला तेव्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग नवा ओटीपी मागवला, तर ह्या वेळी त्यांनी आधी जुनाच वाचला. शेवटी जमलं. अर्ध्या तासानं एक पोरगा दारात उभा राहून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं आत्तींचं नाव पुकारायला लागला, हातात पीनट बटरच्या दोन बरण्या. समोरच्या वैनी गॅलरीतून म्हणाल्या, "आत्ती जिमला जाऊलाल्यात काय?"

हल्ली पाकिटांवर दर ग्रॅममागं किंवा दर मिलिलिटरमागं किती पडतं तेही छापलेलं असतं. बारीक अक्षरात. ह्यांनी त्यासाठी भिंग घेतलं. भिंगातून शोध लागला की शाम्पूची मोठी बाटली महाग पडते आणि एक-दोन रुपयांची पुडी स्वस्त. हे खरं आहे, तुम्हीही ताडून बघा. तेव्हापासून न्हाणीत खिळ्याला पुड्यांच्या माळा लटकतात. डोळ्यांत फेस गेलेला असताना ओल्या हातानं पुडी फोडायची. फुटत नाही. दातानं फोडली की तोंडात जाते.

तांदळाचं मात्र त्यांनी खरंच काहीतरी शोधून काढलं, हे मान्य करायला पाहिजे. १८ जुलै २०२२ पासून पॅकबंद, छाप मारलेल्या धान्यावर पाच टक्के जीएसटी लागला, पण तो पंचवीस किलोपर्यंतच्या पाकिटांना. झालं, बाजारात सव्वीस किलोची पोती आली. एक किलो जास्त भरलं की कर गेला. हे वाचल्यावर ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला तो मी मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता. तडक रविवार पेठेत गेले. तिथल्या ठोक दुकानदारांकडं कूपन नसतं, पत्रक नसतं. शेट मराठीत, कन्नडात आणि हिंदीत तोच दर सांगतो आणि तुमच्या तोंडाकडं न बघता दुसऱ्या गिऱ्हाइकाचं वजन करतो. सव्वीस किलोचं पोतं आलं. मग दर महिन्याला येत राहिलं. आम्ही तिघं महिन्याला किती भात खातो हा हिशेब कुणीच मांडला नव्हता.

वाहतुकीचा खर्च मी. ११ जून २०२३ ला कर्नाटकात शक्ती योजना आली आणि राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट राहिलं नाही. ह्यांचं मत असं की ज्या माणसाला तिकीट पडत नाही त्यानंच बाजारहाट करावा. मिरचीसाठी संकेश्वर, गुळासाठी आणखी कुठं, कडधान्यांसाठी बैलहोंगल. आधार कार्ड दाखवायचं, शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचं, येताना मांडीवर पोतं. ते तिकीटही हे वहीत चिकटवून पुढं 'बचत' लिहितात, म्हणजे मी जितकं लांब जाईन तितका आमचा फायदा. एकदा वाहकानं पोत्याकडं बघून म्हटलं, "आक्का, निमगे फ्री, चीलक्के इल्ल." म्हणजे मी फुकट, पोतं नाही. पोत्याचे पैसे घेतले. ती पावती मी घरी दाखवली नाही.

साठा करायला माझा विरोध नाही. आत्तींचा साठा बघत मी ह्या घरात आले. खानापूरकडचा तांदूळ सुगीनंतर यायचा, पण लगेच शिजायचा नाही. नवा भात चिकट होतो, म्हणून तो ठेवायचा आणि गेल्या सालचा काढायचा. विजापूरचा शाळू उन्हाळ्यात, कडकडीत वाळवून. तूरडाळीला एरंडेल चोळायचं, धान्यात कडुलिंबाचा वाळका पाला. संकेश्वरी मिरची तिखटपणाला, ब्याडगी रंगाला, दोन्ही उन्हं खाऊन डंकावर. चिंच मिठात. पीठ कधी साठवायचं नाही, दळण आठवड्याचंच, कारण दळलं की धान्य म्हातारं व्हायला लागतं असं त्या म्हणतात. बाजरीचं पीठ तर बघता बघता कडू होतं. ह्या साठ्यातलं निम्मं सामान ठेवल्यानं वाढतं. तांदूळ मोकळा होतो, चिंच काळी होते, लोणचं मुरतं. ह्यांच्या साठ्यातलं काहीच मुरत नाही. ओट्स वर्षानं जास्त ओट्स होत नाहीत. त्यांच्यावर एक तारीख असते आणि ती जवळ येत असते.

जुलैत बेळगावचा पाऊस बसला की उतरायचं नाव घेत नाही. भिंतीला हात लावला तर ओला. असल्या दिवसांत माळ्यावरून आधी एक सोंडा, तांदळातला किडा, खाली आला. आमच्या बशीच्या कडेनं तो संथ चालला होता, घाई अजिबात नव्हती. मी वर चढून बघितलं तर पोत्यांच्या तोंडाशी त्याची सगळी भावकी. ह्यांचं म्हणणं, चाळून घेऊ. आत्ती म्हणाल्या, चाळून काय होतंय? सोंड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते, अळी आतलं आतच खाते आणि सोंडा होऊनच बाहेर येते. आज चाळलं की परवा पुन्हा. उन्हात घालायचं तर ऊन कुठलं? शेवटी तांदूळ चादरींवर पसरला, दोन्ही खोल्यांत, पंख्याखाली. दिवाणावर तांदूळ, जमिनीवर तांदूळ, स्वैपाकघरात जायला मधून वीतभर वाट. रात्री आम्ही तिघं हॉलच्या एका कोपऱ्यात झोपलो. पहाटे पाणी प्यायला उठलेले हे अंधारात सोनामसुरीवर घसरले. लागलं नाही फारसं. ऑलिव्ह तेल होतंच.

त्यानंतर ह्यांनी तारखांचा तक्ता केला आणि फ्रीजवर लावला. स्वैपाक आता भुकेवर किंवा भाजीवर ठरत नाही, तक्त्यावर ठरतो. मंगळवारी सूप संपतंय म्हणून सूप, बुधवारी सॉस जातोय म्हणून नूडल्स. गुरुवारी आत्तींचा उपास, पण कस्टर्डनं काय करावं? एका संकष्टीला चंद्रोदयाची आणि मेयोनेजची वेळ एकच आली होती. पिठलं खायचं झालं तर मी आणि आत्ती हे पेन्शनच्या कामाला गेल्यावर करतो.

तशात २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. घटस्थापना. त्याच दिवशी साबण, शाम्पू, टूथपेस्ट यांच्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला, बिस्किटांचाही उतरला. सगळीकडं लोक खूश. ह्यांनी कपाट उघडलं. आत दोन वर्षं पुरेल इतका साबण रचून ठेवला होता, सगळा अठरा टक्क्यांचा. प्रत्येक वडीवर बचत लिहिलेली, खाली सही. हे बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "हा आधी संपवूया." त्या आठवड्यात आम्ही तिघंही रोज दोनदा अंघोळ करत होतो.

नवरात्रातच माझ्या डोक्यात आलं की गल्लीतल्या मंडळाचा महाप्रसाद असतो. एकावर एक फुकट मिळालेल्या शेवया माळ्यावर होत्या, तारखेला अजून अवकाश होता. पोरांना बोलावलं. त्यांनी पिशव्या भरल्या. त्यातलाच एक जरा आगाऊ, पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "काका, ह्यावर सही कशाला हो?" हे म्हणाले, "असू दे रे." शेवयांची खीर झाली असं आम्ही धरून चाललो. देणगीदारांना लकी ड्रॉची एकेक चिठ्ठी होती, ती ह्यांनी वहीत जपून ठेवली.

कोजागिरीला सोडत निघाली आणि ह्यांचा नंबर लागला. किराणा किट. माइकवरून नाव पुकारलं, शाल दिली, फोटो काढला. आठ-दहा किलोचं ओझं आम्ही दोघांनी धरून घरी आणलं. हे जमिनीवर मांडी घालून बसले आणि एकेक वस्तू काढायला लागले. गूळ, पोहे, तूरडाळ, आणि तळाशी शेवयांची दोन पाकिटं. त्यांनी एक पाकीट उलटं केलं, भिंग आणायला सांगितलं. भिंगाची गरज नव्हती. मार्करनं लिहिलेलं लांबूनही दिसत होतं.

"तुझीच सही," आत्ती म्हणाल्या.

ह्यांनी वही ओढली, मार्कर उघडला, आणि जुन्या नोंदीवर काट मारून खाली नवी घातली. बचत, पूर्ण किंमत. तारीख. सही.