'ऑटो म्हणजे नशिबावर सोडणं': या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या सर्व्हरबद्दल. सर्व्हरच्या नेटवर्कवरचा माझा लेख वाचून 'नेटप्लॅन अप्लाय' (नवं नेटवर्क सेटिंग लगेच लागू करणारी कमांड) मारलंत, एसएसएच (लांबून सर्व्हरवर काम करायची जोडणी) जागच्या जागी गोठलं आणि रात्री अकराला गाडी काढून ऑफिस गाठावं लागलं, असं तुम्ही लिहिलंय. चूक माझी. ती ओळ मी अशी लिहिली होती, जणू वाचणारा सर्व्हरसमोर कीबोर्ड घेऊन बसलाय. लांबून काम करणाऱ्याला बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालायला सांगितल्यासारखं झालं. उबंटूवर 'नेटप्लॅन ट्राय' वापरा. 120 सेकंदांत एंटर दाबलं नाही तर जुनं कॉन्फिगरेशन आपोआप परत येतं. बाँडिंग (अनेक नेटवर्क पोर्ट जोडून एक केलेले) असेल तर मात्र त्यावरही विसंबू नका. माझी स्वतःची जुनी सवय अशी, की आधी दहा मिनिटांनंतरचा रीबूट लावून ठेवायचा आणि मग 'आयपी' कमांडने बदल तात्पुरता करून बघायचा. जमलं तर रीबूट रद्द. संपर्क तुटला तर मशीन स्वतःच जुन्या सेटिंगवर उठतं. लेखात हे आता घातलंय.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. तुम्ही लिहिता: 'ऑटो निगोशिएशन म्हणजे नशिबावर सोडणं. मी वीस वर्षं सर्व्हर आणि स्विच दोन्हीकडे 100 फुल ठोकतो, काही बिघडलं नाही.'

इतर वाचकांसाठी: ऑटो निगोशिएशन म्हणजे तारेची दोन्ही टोकं वेग आणि डुप्लेक्स आपसात बोलून ठरवतात. फुल डुप्लेक्समध्ये दोघं एकदम बोलू शकतात, हाफमध्ये आळीपाळीने. '100 फुल' म्हणजे 100 मेगाबिट आणि फुल डुप्लेक्स, हाताने फिक्स केलेलं. ही सवय कुठून आली ते ठाऊक आहे, मलाही सिनियरने तेच शिकवलं होतं. 1995 मध्ये फास्ट इथरनेटबरोबर (100 मेगाबिटचं नेटवर्क) ऑटो आलं तेव्हा एकाचं कार्ड आणि दुसऱ्याचा स्विच यांचं सूत जुळायचं नाही. तेव्हा हाताने फिक्स करणं हाच शहाणपणा होता. पण 1999 मध्ये तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट (1000 मेगाबिट) आलं आणि तिथे ऑटो सक्तीचं झालं. कोणाच्या घड्याळावर चालायचं हेसुद्धा दोन्ही टोकं त्या बोलणीतच ठरवतात.

घात होतो तो एका टोकाला फिक्स आणि दुसऱ्या टोकाला ऑटो असतं तेव्हा. समोरून बोलणीच होत नाहीत म्हटल्यावर ऑटोवालं टोक सिग्नलवरून 100 चा वेग ओळखतं, पण डुप्लेक्स ओळखायला काही मार्ग नसतो, म्हणून नियमाप्रमाणे हाफ धरतं. एकाच्या हातात फोन, दुसऱ्याच्या हातात वॉकीटॉकी. पिंग झकास येतो, कारण त्यात आधी प्रश्न जातो, मग उत्तर येतं. दोघं एकदम बोलतच नाहीत. मोठी फाइल टाकली की सगळं रांगायला लागतं. फुल बाजूला सीआरसी एरर (खराब होऊन आलेला डेटा), हाफ बाजूला लेट कोलिजन (उशिरा झालेली टक्कर). ही जोडी दिसली की दुसरं काही शोधत बसू नका. तुमचं आजवर निभावलं ते दोन्ही टोकं तुमच्याच हातात होती म्हणून. उद्या कोणी स्विच बदलेल आणि पोर्ट ऑटोवर ठेवून घरी जाईल.

'बॅकअप मंद झाला तर ड्रायव्हर अपडेट करायचा, एवढं रामायण कशाला?' असंही विचारलंत. लेखातल्या त्या पतपेढीत ड्रायव्हर माझ्याआधीच दोनदा अपडेट झाला होता. 300 जीबीचा बॅकअप पाऊण तासावरून साडेसात तासांवर गेला होता. एथटूल (नेटवर्क कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) म्हणालं: लिंक आहे, फुल डुप्लेक्स, वेग 100, एरर शून्य. एरर नाही आणि वेग दहावा हिस्सा, म्हणजे मला पहिला संशय वायरीचा. 'एथटूल -पी' देऊन पोर्टचा दिवा लुकलुकवला, चारांतलं नेमकं कोणतं ते कळलं आणि कॉर्ड हाताने चाचपत गेलो. रॅकच्या दाराच्या बिजागरीत ती चेंगरली होती. आतल्या तारांच्या चार जोड्यांपैकी निळी तुटलेली. 100 ला नारिंगी आणि हिरवी या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. कार्ड मुकाट्याने एक पायरी खाली उतरलं होतं, दिवा लागलेलाच होता.

तिथे तुमच्यासारखं 100 फुल ठोकलेलं असतं, तर ती तुटकी तार कुणाला कधी दिसलीच नसती. साडेसात तास हाच 'नॉर्मल' वेळ म्हणून वहीत लिहिला गेला असता.

शेवटी तुमच्या ड्रॉप होणाऱ्या, म्हणजे वाटेत गळणाऱ्या पॅकेटबद्दल. जो एकच आकडा पाठवलात, तो मशीन सुरू झाल्यापासूनची बेरीज आहे. त्यावरून काही कळत नाही. 'आयपी -एस लिंक' (हे आकडे दाखवणारी कमांड) आत्ता एकदा चालवा, पाच-सहा जीबीची फाइल कॉपी करा, मग पुन्हा चालवा, आणि दोन्ही आकडे पाठवा. स्विचच्या त्याच पोर्टचेही हवेत. ऑफिसमधला स्विच तुमच्या ताब्यात नसेल, तर ज्याच्या ताब्यात आहे त्याला चहा पाजा.