मान मोडणाऱ्यांनो, जरा थांबा

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. गोव्यातल्या डिचोलीत सलूनमध्ये दाढी करायला बसलो होतो. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा. केस कापून झाले, मानेवर पावडर मारली आणि त्या पोराने सवयीने एक हात हनुवटीखाली, एक डोक्यावर ठेवला. कट्ट! मग दुसऱ्या बाजूला. कट्ट! आजोबा खूश. माझं लक्ष त्यांच्या हातांवर. बोटं सगळी करंगळीच्या बाजूला कललेली, मुठीचे सांधे फुगलेले. असे हात मी घरी रोज बघतो.

मी ओरडलोच. अर्ध्या गालावर फेस तसाच. पोरगा म्हणाला, "मान मोकळी होते हो." आजोबा म्हणाले, "वीस वर्षं मोडून घेतोय, जिवंत आहे ना अजून?" आता यावर काय बोलणार!

आईला १७ वर्षं आमवात आहे. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) म्हणजे नुसती सांधेदुखी नव्हे, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पण तो नसांवरही उठतो, हे मलाही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झालेली, आई नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, बसली. तिच्या मुरडीचं वाड्यावर नाव आहे. त्या दिवशी मुरड पडेचना. अंगठा आणि बोट पारीच्या कडेवरून नुसतेच फिरत होते. नेवऱ्या कढईत उघडल्या, आतलं चून (सारण) तेलात पसरलं, घरभर जळका वास. मी म्हटलं, "दुखतंय तर राहू दे, विकतच्या आणू." तर म्हणाली, "दुखना रे. हातांत कितें आसा तेंच कळना."

जिचे सांधे इतकी वर्षं ठणकले ती म्हणते दुखत नाही, आणि मला शहाण्याला ते चांगलं लक्षण वाटलं!

डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मनगटाला पट्टा दिला. तेही अगदीच चूक नव्हतं. सुजलेल्या मनगटात नस चेपते, अंगठ्याकडच्या बोटांना मुंग्या येतात, आमवातात हे नेहमीचंच. पण पायांचं काय? ती भिंत धरून चालायला लागली होती. पोलक्याचे हुक वहिनी लावून देत होती. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं, हे तिने एकदा नाही, तीनदा सांगितलं. उत्तर काय? "वय झालं हो." बासष्ट हे काय वय आहे? हेच एखाद्या पुरुषाने सांगितलं असतं तर? जाऊ दे.

शेवटी सापडलं ते गुडघ्यामुळे. गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं बघितली आणि विचारलं, मानेचा एक्स-रे कुठाय? मान पुढे वाकवून आणि मागे करून काढलेला? भूल देताना नळी घालायला मान मागे न्यावी लागते, आमवात असेल तर ती आधी तपासायची, म्हणाल्या. पहिल्या मणक्याच्या कड्यात दुसऱ्या मणक्याचा सुळका बसतो आणि मागून एक पट्टी त्याला जागेवर धरते. आमवाताने सुजलेलं अस्तर ती पट्टी सैल करतं, सुळका कुरतडतं. तिथली फट मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपर्यंत चालते. आईची मान वाकवल्यावर ८ भरली. मागे मज्जारज्जू चेपत होता. नेवऱ्या उघडल्या त्या तिथे.

आणि महिन्याभरापूर्वीच मी तिची मान तेल लावून रगडून दिली होती. तिला बरं वाटावं म्हणून. त्याआधी मध्यंतरी दोन वर्षं गोळ्या बंद करून कुणाचा तरी काढा चालवला, तोही मीच आणलेला.

मान्य, आमवात असलेल्या प्रत्येकाची मान अशी नसते. हल्ली औषधं लवकर सुरू होतात, त्यामुळे हे पूर्वीपेक्षा कमी दिसतं, तेही मान्य. म्हणून सलूनमध्ये फुकटात मान पिरगळायची?

ऑपरेशन झालं, ते दोन मणके स्क्रूंनी जोडले. मान वळते त्यातला निम्मा भाग या जोडीचा, त्यामुळे आता मागून हाक मारली की आई अख्खी वळते, सावकाश, पालखी वळवतात तशी. पाय सुधारले. हात अर्धेच परत आले. गेल्या चवथीला मुरड मी घातली. आई शेजारी बसून बघत होती. "ही नेवरी की उंदराने कुरतडलेली चप्पल?" म्हणाली. बऱ्याच दिवसांनी घरात हसू झालं.

दुपारी तिला सलूनमधलं सांगितलं. वाटलं, शाबासकी देईल. तर म्हणते, "ओरडलास तो ओरडलास. त्यांना विचारलंस का, शर्टाचे गुंडे स्वतः लावता का म्हणून?"

नाही विचारलं. सुचलंच नाही. उद्या सकाळी परत जातोय सलूनमध्ये, ते आजोबा कुठले ते विचारायला. दाढीचं काही शिल्लक नाही, तरी.