‘तिकडे जमलं नाही म्हणून इकडे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ब्रिटनच्या ट्रायथलॉनपटू बेथ पॉटरवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत त्याचा गोषवारा असा: रिओ ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावण्यात ती ३४वी आली, धावण्यात आता काही खरं नाही हे कळल्यावर जिथे गर्दी कमी त्या सोप्या खेळात, म्हणजे ट्रायथलॉनमध्ये (पोहणं, सायकल, धावणं, सगळं सलग) शिरली, आणि मी तिला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. शिवाय पोहणं तिला नवीन नव्हतंच, हेही तुम्ही दाखवून दिलंत.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण तो सरळ माझ्या चुकीचा आहे. लहानपणी ती पोहायची. ‘शून्यातून शिकली’ हे वाक्य मी लेखातून काढलंय.

आता ते ३४वं स्थान. इथिओपियाच्या अल्माझ अयानाने २९:१७.४५ चा विश्वविक्रम केला तीच ही शर्यत, १२ ऑगस्ट २०१६ची. पॉटरला ३३ मिनिटांहून जास्त लागली. म्हणजे अयाना जिंकली तेव्हा पॉटरच्या जवळजवळ तीन फेऱ्या उरल्या होत्या. सुवर्णपदकाचा निकाल लागलाय आणि आपल्याला अजून हजार-बाराशे मीटर पळायचंय! दोनच वर्षांपूर्वी ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, घरच्या मैदानावर, ती ह्याच अंतरात पाचवी आली होती. लंडनमध्ये शाळेत भौतिकशास्त्र शिकवत सराव करणारी बाई हे गणित मांडू शकत नसेल असं थोडंच आहे? तिने नोकरी सोडली आणि लीड्स गाठलं, ऑलिंपिक पदकं जिंकणाऱ्या ब्राउनली भावांमुळे ट्रायथलॉनची पंढरी झालेलं गाव. तेव्हा ‘तिकडे जमलं नाही म्हणून इकडे’ ह्यातल्या ‘तिकडे जमलं नाही’वर मी सही करते.

‘सोप्या खेळात’ म्हणालात तिथे मात्र आपलं बिनसतं.

आपल्याकडे ट्रायथलॉन म्हटलं की मिलिंद सोमणने २०१५ साली झुरिकला पूर्ण केलेला आयर्नमॅन, म्हणजे खूप लांब पल्ल्याचा ट्रायथलॉन आठवतो. ती शर्यत वेगळी. तिथे सायकलवर दुसऱ्याच्या पाठीमागे चिकटून वारा चुकवायला बंदी असते, ज्याचं त्याने रेटायचं. ऑलिंपिकमध्ये १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल, १० किमी धावणं, आणि सायकलवर घोळक्याने जायची मुभा. ह्या एका मुभेमुळे सगळा खेळ पाण्यात ठरतो. पुढच्या घोळक्याच्या अर्धा मिनिट मागे पाण्याबाहेर आलात, तर ते सात-आठ जण आळीपाळीने वारा कापत निघून जातात आणि तुम्ही मागे एकट्याने पेडल मारत बसता. मग तुमचं धावणं कितीही भारी असो, ते कामाला येतं विसाव्या नंबरसाठी. चांगल्या धावपटूला ट्रायथलॉन सोपं जातं असं वाटतं ना, त्याची गोम इथे आहे. लहानपणीचं पोहणं विशीच्या मध्यावर पुन्हा त्या वेगाला आणायचं होतं, ओल्या वळणांवर दुसऱ्याच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून सायकल हाणायला शिकायचं होतं.

आणि धावणंही तेच राहत नाही. मी एकदा हौसेने खडकवासल्यापर्यंत सायकलने जाऊन आले आणि उतरल्या उतरल्या पळायला लागले. पाय माझे नव्हतेच. मांड्या अजून पेडलच मारत होत्या, पाऊल टाकलं तर ते कुठे पडेल ह्याचा भरवसा नाही. पाचशे मीटरवर एका टपरीचा बाक दिसला, बसले.

आता गंमत बघा. एप्रिल २०२१मध्ये, म्हणजे ट्रायथलॉनकडे वळून चार वर्षं झाल्यावर, तिने इंग्लंडात बॅरोफर्डला रस्त्यावरची ५ किमी १४:४१ मध्ये मारली. तेव्हाचा विश्वविक्रम १४:४४ होता. विक्रम म्हणून मान्यता मिळाली नाही, पण घड्याळ काही बदलत नाही. ‘धावण्यात न जमलेली’ बाई धावणं दुय्यम केल्यावर इतकी वेगात पळाली! पोहणं-सायकलने पायांना मार न देता दमसास वाढवला असावा, असा माझा अंदाज. त्याच वर्षी टोकिओ ऑलिंपिकच्या संघात तिला घेतलं नाही, हे मूळ लेखात निसटलं होतं. २०२३ला ती ट्रायथलॉनमध्ये जगज्जेती झाली.

गर्दीबद्दल: केनिया-इथिओपियाच्या मुली ह्या खेळात जवळपास नाहीत, हे खरंच. तलाव आणि लाखांची सायकल कुठून आणणार? ही उणीव खेळाची आहे, मान्य. पण म्हणून जे शर्यतीत आहेत ते लेचेपेचे ठरत नाहीत. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकला पावसाने ओल्या रस्त्यांवर कितीतरी जणी आपटल्या, आणि जवळपास दोन तासांनंतर पहिल्या कासान्द्र बोग्रां आणि तिसऱ्या पॉटरमध्ये पंधरा सेकंदांचं अंतर होतं.

पाच दिवसांनी मिश्र रिलेत, म्हणजे दोन पुरुष आणि दोन स्त्रियांच्या सांघिक शर्यतीत, ब्रिटनचा शेवटचा टप्पा तिच्याकडेच होता. दुसरं कोण ते फोटो बघून ठरवावं लागलं, रौप्य अमेरिकेला गेलं, ब्रिटनला कांस्य. ‘म्हणजे पुन्हा हरलीच की’ असं तुम्ही आता लिहाल. लिहा, वाट बघते.