टोमणा आणि उलट बोलायची मुभा

ताई, माझ्या लेखातल्या 'टोमणा ही आपल्या माणसांची खूण' या वाक्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'ज्याने टोमणे सोसले नाहीत, त्यालाच त्यात आपुलकी दिसते. मनात असेल ते सरळ बोलावं. वाकडं बोलणं म्हणजे भेकडपणा,' असं तुम्ही म्हणता. सासरी ऐकलेलं 'आमची सून फार शिकलेली हो!' हे वाक्यही तुम्ही दिलंय. मला यातलं निम्मं पटलं.

निम्मंच का, ते सांगतो. आमच्याकडे जळगावला थंडीत मळ्यात भरीत होतं. मागच्या खेपेला वांगी पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजून, सोलून, लाकडी बडगीत ठेचून झाली, पंगत बसली, तेव्हा कुठे चुलतभाऊ उगवला. काकू म्हणाली, "लवकर उना रे भाऊ!" म्हणजे, लवकर आलास रे! तो म्हणाला, "चव पाहायला कोणी नको का?" आणि कळशी उचलून पाणी वाढू लागला. 'उशीर का केलास' असं विचारलं असतं, तर चारचौघांत कारणं देत बसला असता. काकूने नुसती सगळ्यांच्या मनातली अपेक्षा बोलून दाखवली. वेळेवर आलेल्याला उपरोधाने 'किती हा उशीर!' असं सहसा कोणी म्हणत नाही, कारण उशिराने यावं ही अपेक्षाच नसते. स्पर्बर आणि विल्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये उपरोधाची उकल साधारण अशीच केली: बोलणारा कुणाचा तरी विचार किंवा अपेक्षा पुन्हा उच्चारतो आणि ती कशी फसली ते दाखवतो.

भेकडपणा मात्र मला मान्य नाही. मम्मट या काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात 'काव्यप्रकाश' या संस्कृत ग्रंथात एक श्लोक दिलाय. अपकार करणाऱ्याला बोलणारा म्हणतो, फार उपकार केलेत, काय सांगू. असंच करत राहा, शंभर वर्षं सुखाने जगा. दुखावलेल्या माणसाचं हे बोलणं आहे. ते भ्यालेलं मला तरी वाटत नाही.

पण तुमच्या घरात हेच हत्यार वरच्या हातात होतं. शब्द कौतुकाचे, म्हणून ते पकडता येत नाहीत. तुम्ही काही बोललात की 'मी तर कौतुकच केलं', आणि वर 'हिला थट्टासुद्धा कळत नाही'. माझ्या भावाला काकूला उलट बोलायची मुभा होती, तुम्हाला नव्हती. हा फरक माझ्या लेखात यायलाच हवा होता.

'टोमणा ही आपल्या माणसांची खूण' हे वाक्य मी आज लेखातून काढलंय. तुमची हरकत नसेल, तर त्या जागी तुमच्या सासरचं ते वाक्य नाव-गाव न देता घालतो.